यादीतून वगळलेल्या विधवा



पुनरुत्थानकाळातील पाचव्या रविवारचे पहिले वाचन प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून घेतलेले आहे. येरुशलेममधील पहिली ख्रिस्तसभा वाढत होती. श्रद्धावंत आपली मालमत्ता विकून पैसा प्रेषितांच्या चरणी आणत होते आणि गरजूंना रोजचे अन्न वाटले जात होते. अशा आदर्श मंडळीत एक तक्रार उठली. ग्रीक बोलणाऱ्या श्रद्धावंतांचे म्हणणे होते की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र मिळते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात घरातल्या घरात झालेली ही पहिली कुरबूर, आणि ती झाली वाटपाच्या यादीवरून. या विधवा बहुधा परमुलखातून येरुशलेममध्ये येऊन राहिलेल्या होत्या. त्यांची भाषा वेगळी, आणि त्यांच्या वतीने बोलणारे भावकीतले कोणी जवळ नसावे. त्यांना मुद्दाम उपाशी ठेवले असे वचनात कुठेही म्हटलेले नाही. त्या फक्त नजरेआड झाल्या होत्या.

प्रेषितांनी काय केले ते लक्षात घेऊ. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. ‘आम्ही प्रार्थनेची माणसे, हे आमचे काम नव्हे’ असे म्हणून विषयही सोडून दिला नाही. त्यांनी साऱ्या समुदायाला बोलावले आणि पवित्र आत्म्याने व सुज्ञपणाने भरलेले सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप आणि बाकीची पाचही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप देण्यात आले. मग प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवण्यात आले. अन्नाची यादी नीट चालवण्याच्या कामासाठी हस्तारोपण! आपले डिकन आपल्या सेवेचे मूळ याच प्रसंगात पाहतात.

आज वाटपाच्या मोठ्या याद्या सरकारकडे आहेत. त्यांचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण त्या याद्यांमध्ये आपल्या वाडीतल्या विधवा आहेत, आणि काही असायला हव्या होत्या पण नाहीत. म्हणून आज या विषयावर तीन गोष्टी सांगतो.

शेताच्या कडेचे धान्य

पहिली गोष्ट ‘फुकट’ या शब्दाविषयी. रेशनच्या दुकानासमोर किंवा बँकेत रांग लागली की आपल्यापैकी काही जण म्हणतात, ‘सरकार लोकांना आळशी करतंय, आमच्या करातून यांना फुकट मिळतंय.’ २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि पात्र महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होऊ लागले, तेव्हा हे बोलणे चर्चच्या आवारातही ऐकू आले. कोणती योजना चांगली, तिच्यासाठी तिजोरीत पैसा किती, ती निवडणुकीच्या तोंडावर का आली, हे प्रश्न नागरिकांनी जरूर विचारावेत. पण मदत घेणाऱ्याला कमी लेखण्याआधी जुना करार उघडून पाहावा.

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत देवाने शेतकऱ्यांना नियम घालून दिला. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका. पेंढी शेतात विसरली तर परत आणायला जाऊ नका. द्राक्षमळ्यात खाली पडलेली द्राक्षे गोळा करू नका. ते गरिबाचे, परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. शिवाय दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दहावा भाग गावातच साठवून ठेवायचा आणि याच लोकांनी तिथे येऊन पोटभर खायचे. शेतकऱ्याचे मन चांगले असेल तर द्यावे, असे देवाने म्हटलेले नाही. हा कायदा होता. कडेचे धान्य मालकाच्या जमिनीत उगवत असले तरी ते त्याचे नव्हते.

आपल्या पूर्वजांनी वसईत भातशेती आणि बागायती केली, त्यामुळे आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आज आपली पोरे लोकल पकडून नोकरीला जातात. त्यांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचे साधारण २०० रुपये दर महिन्याला कापलेले दिसतात. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात राज्यात हे काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने दिलेल्या पैशातून गावच्या मजुराला काम मिळावे, अशी ती योजना होती. पगारातून कापलेले ते २०० रुपये म्हणजे आपल्या शेताची न कापलेली कड आहे.

संत अँब्रोज यांनी चौथ्या शतकात शिकवले की, श्रीमंत माणूस गरिबाला देतो ते स्वतःचे देत नाही, तर गरिबाचे त्याला परत करतो. संत थॉमस अक्विनस यांनी हीच शिकवण पुढे नेली. देवाने पृथ्वीवरील वस्तू सर्वांच्या उपयोगासाठी निर्माण केल्या आहेत, म्हणून अत्यंत निकडीच्या वेळी खासगी मालकीलाही मर्यादा पडते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर दया वेगळी आणि वितरणाचा न्याय वेगळा. दया करणाऱ्याचे उपकार मानावे लागतात. न्यायाने मिळालेला वाटा घेताना मान खाली घालावी लागत नाही.

आणि आळसाचे म्हणाल तर रूथकडे पाहा. ती विधवा, परदेशी, सासूला सांभाळणारी सून. बवाजाच्या शेतात ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरवा वेचत होती. बवाजाने गड्यांना सांगितले की, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या आणि तिला बोलू नका. देताना तिचा अपमान होऊ नये, याची त्याने काळजी घेतली. पुढे त्याच घराण्यात दावीद राजा जन्मला आणि त्याच वंशात आपला प्रभू.

नव्याण्णव टक्के

दुसरी गोष्ट आकड्यांविषयी. गरीब किती, हे मोजण्याच्या पद्धती बदलत आल्या आहेत. २०१३ मध्ये नियोजन आयोगाने तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ चा हिशेब दिला. त्यात ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये खर्च ही देशाची दारिद्र्यरेषा होती, आणि तिच्याखाली २१.९ टक्के लोक होते. दिवसाला गावात २७ आणि शहरात ३३ रुपयांहून थोडा जास्त खर्च करणारा माणूस गरीब कसा नाही, असे तेव्हा देशभर विचारले गेले.

आता नीती आयोग वेगळ्या पद्धतीने मोजतो. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांची १२ लक्षणे पाहिली जातात. घरात कोणी कुपोषित आहे का, मूल शाळेत जाते का, स्वयंपाक कशावर होतो, शौचालय, पाणी, वीज, पक्के घर, बँकेत खाते आहे का, अशी ती लक्षणे आहेत. २०२३ च्या अहवालानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील अशा गरिबांचे प्रमाण २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते १४.८० वरून ७.८१ झाले. ही आनंदाची बातमी आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला हवेत.

परंतु सरासरीचा एक दोष आहे. सुखवस्तू घरांच्या बेरजेत गरीब घर दिसेनासे होते. याच मोजणीत २०१५-१६ मध्ये राज्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असताना नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक गरीब होते. आपल्या पालघर जिल्ह्याचेच पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत आपली वसई आहे, तसेच जव्हार आणि मोखाडाही आहेत, जिथे दर दहांपैकी साधारण नऊ माणसे आदिवासी आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या राज्याला त्या पाड्यांची नावे कळली. वसईचे बंगले आणि मोखाड्याची कुडाची घरे एकाच आकड्यात मिसळली, तर त्या आकड्यावरून ना आपले जीवन कळेल, ना त्यांचे. हेच आपल्या धर्मग्रामालाही लागू आहे. आपण सुखवस्तू धर्मग्राम म्हणून ओळखले जातो. त्या ओळखीआड भाड्याच्या खोलीत राहणारी, धुणीभांडी करणारी मावशी झाकली जाते.

लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाकडे १०० मेंढरे होती. ९९ सुखरूप होती. कोणत्याही अहवालात ९९ टक्के हे उत्तम यश ठरले असते. मेंढपाळ मात्र उरलेल्या एकासाठी रानात गेला. सरकारला टक्केवारी लागतेच, तिच्याशिवाय पैसा कुठे पाठवायचा हे ठरवता येणार नाही. धर्मग्रामाने मात्र यादीबाहेर राहिलेल्या एकाला नावाने ओळखायचे आहे.

आता यादीबाहेर माणूस कसा राहतो तेही समजून घेऊ. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी २००२ च्या पाहणीतून तयार झाली आणि पुढे कित्येक वर्षे तीच वापरात राहिली. पाहणीच्या दिवशी ज्या बाईचा नवरा कमावता होता, तिचे नाव त्यात नाही. नंतर नवरा गेला, पण यादी तशीच राहिली. दुसरे उदाहरण संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. ही योजना १९८० मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचे अनुदान महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. पण सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली. चार माणसांच्या घरात याचा अर्थ माणशी दिवसाला १५ रुपयांपेक्षा कमी. खरे उत्पन्न सांगणारी बाई अशा अटीत बसत नाही, आणि बसायचे तर तिने खोटे सांगायचे. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम बदला, असे सरकारला सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. विधवा आणि अनाथांना नाडणारे नियम लिहिणाऱ्यांना यशया संदेष्ट्याने कडक शब्दांत सुनावले होते. आपले लोकप्रतिनिधी सणाला आपल्या आवारात येतात, तेव्हा हारतुऱ्यांबरोबर हा विषयही त्यांच्यासमोर ठेवावा.

जे आपले नाही ते

तिसऱ्या गोष्टीआधी एक कटू बोल. कडेचे धान्य गरिबाचे असेल, तर ज्याच्या घरात कोठार भरलेले आहे त्याने ते उचलणे ही चोरी आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची तपासणी झाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांसाठीच्या या योजनेचे पैसे हजारो पुरुषांच्या नावे आणि दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलांच्या नावे गेल्याचे उघड झाले. ती सारी माणसे परकी आहेत, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. घर भाड्याने देऊन चांगले उत्पन्न मिळत असताना कमी उत्पन्नाचा दाखला काढणे, परदेशातून पैसे येत असताना ते लपवणे, म्हातारे आईवडील गेल्यावरही त्यांच्या नावाचे धान्य उचलत राहणे, हे सातव्या आणि आठव्या आज्ञेचे उल्लंघन आहे. ‘सरकारचेच तर आहे’ म्हणून पाप हलके होत नाही. जक्कयाने येशूला घरी घेतले तेव्हा आधी हिशेब केला आणि घेतलेले परत करण्याचे कबूल केले. ज्यांना गरज नाही त्यांना लाभ सोडून देता येतो. त्यासाठी कोणाला काही सांगत बसण्याची गरज नाही.

सातव्या दिवसाच्या मिस्साआधी

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. समजा, आपल्या वाडीतला एक रिक्षाचालक चाळिशीत अचानक वारला. मागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले. आपण काय करतो? अंत्यविधीला सारी वाडी जमते. फुलांची चक्रे येतात. रोजरी होते. सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते. हे सारे योग्य आणि पवित्र आहे. पण त्या घरात कोणी सांगते का, की दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षांचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो? कोणी सांगते का, की बाल संगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या गरजू मुलालाही मदत मिळू शकते, आणि २०२३ मध्ये ती रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली? शिधापत्रिकेवरचे नाव बदलायला हवे, हे तरी कोणाला आठवते का?

त्या बाईला शोकाच्या दिवसांत हे सुचणार नाही. मग मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले गोळा करताना एका कागदावर ‘डिसोझा’ आणि दुसऱ्यावर ‘डिसूजा’ असे लिहिलेले निघते आणि अर्ज परत येतो. एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्या खेपेनंतर ती जाणे सोडून देते. प्रभूच्या दाखल्यातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली म्हणून तिला न्याय मिळाला. पण तो दाखला ऐकताना मनात येते, तिच्याबरोबर दुसरे कोणी गेले असते तर?

काही जण विचारतील, सरकार देत असेल तर ख्रिस्तसभेने काय करायचे? पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मधील ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात इशारा दिला होता की, सारे काही सरकारी यंत्रणेवर सोपवले तर कागदी कारभार वाढतो आणि माणसाची गरज जवळच्या माणसालाच चांगली कळते. पोपमहोदय सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये शिकवले की, समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमाची गरज संपणार नाही. पोपमहोदय चौदावे लिओ यांनीही २०२५ मधील आपल्या ‘दिलेक्सी ते’ या पत्रात गरिबांवरील प्रेमाचाच विषय घेतला. सरकार खात्यात १,५०० रुपये जमा करू शकते. आजींच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा त्यांच्या शेजारी थांबणे हे सरकारी खात्याला जमत नाही. ते आपले काम आहे.

म्हणून माझी धर्मग्रामाला विनंती आहे.

१. प्रत्येक वाडीतून दोन जण पुढे यावेत, शक्यतो एक ज्येष्ठ आणि एक तरुण किंवा तरुणी. बँकेतून, शाळेतून, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना कागदपत्रांची सवय असते, आणि तरुणांना मोबाइलवर अर्ज भरता येतो. दोघांची जोडी उत्तम.

२. वाडीत कर्ता माणूस गेला, तर सातव्या दिवसाच्या मिस्साआधी यांपैकी एकाने त्या घरी बसून कोणते कागद हवेत ते लिहून काढावे आणि पहिल्या खेपेला बरोबर जावे.

३. आपल्या वाडीत एकटी राहणारी वृद्ध माणसे, विधवा, अपंग आणि भाडेकरू कुटुंबे यांची आठवण ठेवावी. आपल्या शेजारच्या पाड्यातील आदिवासी आणि परप्रांतातून आलेले मजूरही त्यात धरावेत, मग ते आपल्या चर्चमध्ये येत असोत वा नसोत. येरुशलेममधील त्या विधवाही परक्याच वाटत होत्या.

४. कोणाला काय मिळते, याची चर्चा वाडीत होऊ देऊ नये. बवाजाने आपल्या गड्यांना जे सांगितले, ते आपणही पाळावे.

नावे देण्यासाठी मिस्सानंतर कार्यालयात यावे किंवा मला थेट भेटावे.

वाचनाच्या शेवटी लूक सांगतो की, सात जणांची नेमणूक झाल्यावर देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या वाढली. आधी विधवांचे ताट भरले, मग वचन पसरले, हा क्रम आपण ध्यानात ठेवू.

हे करुणामय पित्या, तू एकेकाला नावाने ओळखतोस. आमच्या नजरेआड राहिलेल्यांना पाहण्याची दृष्टी आम्हाला दे. जे आमचे नाही त्याचा लोभ आमच्यापासून दूर ठेव. थकलेल्या विधवेबरोबर चार पावले चालण्याचे बळ आम्हाला दे. हे आम्ही मागतो, आमचा प्रभू ख्रिस्त ह्याच्याद्वारे. आमेन.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू